पु. रवि.

हिंगणसरात रोज कोणी ना कोणी पुसलं जायचं, आणि कोणाला पुसायचं हे प्रशांत ठरवायचा. गावाला याची कल्पना नव्हती. गावाला एवढंच ठाऊक होतं की संध्याकाळी सहा वाजता टीव्हीचं अमुक बटण दाबलं की आपल्याच गावातलं काहीतरी दिसतं. कधी शाळेचं गॅदरिंग, कधी कबड्डीचे सामने, कधी भजनी मंडळ, आणि पंधरवड्यातून एकदा तरी सरपंच लालासाहेब कुठल्यातरी कोनशिलेवरचा पडदा ओढताना.

गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं. धड वडूजचं नाही, धड विट्याचं नाही. दोन्हीकडच्या साहेबांना ते आपलं वाटत नसे, त्यामुळे गावात काय चालावं हे लालासाहेबच ठरवत. सरपंच तेच, खताचं दुकान त्यांचंच, आणि शहाण्णव साली गावातल्या सहाशे घरांत गेलेली केबलची वायरही त्यांचीच. दुकानाच्या माडीवर पत्र्याची खोली होती. तिला सगळे कंट्रोल रूम म्हणत आणि तिच्यात सकाळी सातपासून प्रशांत बसे.

प्रशांत बौद्ध वस्तीतला, सांगलीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून आलेला, तिशीतला गडी. हाताला गुण होता. लालासाहेबांनी त्याला बोलावून चाव्या हातात दिल्या, तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोण आनंद झाला होता. आपला पोरगा सरपंचाच्या मशिनी चालवतो, याचं अप्रूप त्यांना होतं आणि त्याहून जास्त प्रशांतला होतं. माणसानं आपल्या कामावर प्रेम करावं, पण इतकं करू नये.

खोलीत चार व्हीसीआर होते. दोन दाखवायला, एक उतरवून घ्यायला, आणि चौथा या तिघांपैकी जो आजारी पडेल त्याच्या जागी. टेबलपंखा एकच होता आणि तो कायम मशिनींकडे तोंड करून फिरायचा. पत्र्याखाली प्रशांत घामानं निथळत बसे, पण मशीन तापू देत नसे. आणि कॅसेटा होत्या अठ्ठेचाळीस. त्यातल्या बारा वरच्या फळीवर, सरपंचांच्या घरच्या. लेकीचं लग्नच मुळी चार कॅसेटांत होतं, सत्कार वेगळे. उरल्या छत्तीस. या छत्तिसांत विट्याहून एसटीनं येणारे सिनेमे उतरवून घ्यायचे, गावातले कार्यक्रम घ्यायचे, ज्याला पुन्हा बघायचेत त्याला पुन्हा दाखवायचे, आणि रोजच्या चौदा तासांत पडदा एकदाही काळा जाऊ द्यायचा नाही. नव्या कॅसेटा मागितल्या की लालासाहेब म्हणत, "हायत त्यात भागव की रं. तू हायस की हुशार."

आणि तो भागवायचा, हेच त्याचं चुकलं. मशीन हळू चालवलं की तीन तासांच्या कॅसेटीत सहा तास मावतात, फक्त चित्र पाणचट येतं, हे त्यानं शोधून काढलं. मग शाळेचं गॅदरिंग हळू, भजनी मंडळ हळू, सरपंचांचं भाषण तेवढं पूर्ण वेगानं. छत्तिसांतल्या प्रत्येक कॅसेटीवर डिंकानं चिठ्ठी चिकटवलेली आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोनच खुणा: 'ठे' किंवा 'पु'. ठेवा किंवा पुसा. पुढे वार. 'पु. बुध.' म्हणजे बुधवारी ही मोकळी झाली, हिच्यावर दुसरं घ्यायला हरकत नाही. सकाळी आला की फळीवरून नजर फिरवायची, त्या दिवसाचा 'पु' दिसला की कॅसेट ओढायची. आत काय आहे हे आठवायचंसुद्धा कारण नाही. किती मिनिटं आणि कोणता वार, एवढं बस्स. तीन वर्षांत एकदाही त्याला अडायला झालं नव्हतं. विट्याचा केबलवाला मुद्दाम येऊन त्याची फळी बघून गेला होता, तेव्हा प्रशांतची छाती दोन इंच फुगली होती.

पंधरा ऑगस्टला गुरुवारी झेंडावंदन झाल्यावर चावडीसमोर ग्रामसभा होती. तालुक्याहून दोन पाहुणे आले होते, लालासाहेबांनी फेटा बांधला होता, म्हणून प्रशांतनं कॅमेरा नेला होता. डोळा भिंगाला, कानात इयरफोनची नळी. सभा नेहमीसारखी रेंगाळत होती. तेवढ्यात जालिंदर नाना उठले. नाना वस्तीतले वडीलधारे, एसटीच्या सांगली वर्कशॉपातनं निवृत्त झालेले. उठून त्यांनी दरवर्षी मागायचे तेच मागितलं: पोरांना अभ्यासाला जागा. सहा वर्षं ते मागत होते आणि सहा वर्षं त्यांना 'बघू' मिळत होतं.

पण त्या दिवशी पाहुणे होते, फेटा होता आणि कॅमेरा होता. लालासाहेबांच्या अंगात आलं. ते नानांकडे बघून बोललेच नाहीत, सरळ कॅमेऱ्याकडे वळले आणि हात वर करून म्हणाले, "दिली. चावडीमागली दोन गुंठं जागा अभ्यासिकेला दिली. घ्या कॅमेऱ्यात. लालासाहेब एकदा बोलला की बोलला."

टाळ्या पडल्या. वस्तीतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. प्रशांतच्या कानात ते शब्द इतके स्वच्छ उतरले की सरपंचांच्या श्वासाचा आवाजही त्याला ऐकू आला. आणि भिंगाच्या कोपऱ्यात त्याला आणखी एक गोष्ट दिसली: ग्रामसेवकानं पेनाला टोपण लावलं होतं.

हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. टोपण लावणं म्हणजे काही गुन्हा नव्हे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी सहाला सभा टीव्हीवर लागली आणि वस्तीत पेढे वाटले गेले. सगळ्यांत जास्त हरखली होती ती प्रशांतची बायको आम्रपाली. वस्तीतल्या तीस-पस्तीस पोरांना ती रोज संध्याकाळी नानांच्या पडवीत शिकवायची. पडवी एवढीशी, दिवा एक. अभ्यासिका झाली की तिथं काय काय करायचं याची यादी तिनं त्याच दिवशी करून टाकली, आणि त्या यादीत पहिली गोष्ट होती बाकं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी नाना ग्रामपंचायतीत ठरावाचं पुस्तक बघायला गेले. झेंडावंदन होतं, पाहुण्यांचं स्वागत होतं, आभार होते, पण दोन गुंठ्यांचा शब्द नव्हता. ग्रामसेवक म्हणाला, "सरपंच सहज बोलले असतील. विषयपत्रिकेत नव्हतं ते." बाहेर आल्यावर नानांना कळलं की चावडीमागच्या त्या जागेत एसटी स्टँडकडे तोंड करून दुकानगाळे काढायचं ठरलंय. गावात ज्याला त्याला हे ठाऊक होतं. वस्तीलाच तेवढं नव्हतं. सरपंचांनी दोन पाहुण्यांसमोर वस्तीच्या तोंडाला पानं पुसली होती, एवढाच त्याचा अर्थ.

नाना तसेच माडी चढून वर आले. धाप लागलेली, पण चेहरा शांत.

"जय भीम, प्रशांत. कालची कॅसेट हाय न्हवं?"

"हाय की नाना. ही काय."

"ती जप. आता तेवढाच पुरावा हाय आपल्यापशी. सभंला शंभर मान्सं हुती, पर इचारलं तर एक म्हनायचं न्हाई की आमी ऐकलं." नाना स्टुलावर टेकले. "रईवारी पुन्हा लाव. शिरवळच्या कंपनीतली आपली पोरं रईवारी घरी येत्यात, त्यांनी बी बघू दे. आन सोमवारी मी सांगलीला डोळं दावाया चाल्लोय. येताना कोरी कॅसेट आनतो. तिच्यावर मला एक नक्कल काढून दे. मंगळवारी ती घिऊन मी तालुक्याला जातो, साहेबाम्होरं लावतो."

"आत्ताच काढली असती नाना, पर कोरी एक बी न्हाई माझ्यापशी."

"म्हाईत हाय. म्हनून तर आनतो."

तेवढ्यात फोन वाजला. लालासाहेबांच्या घरून होता. लेक पंचमीला माहेरी आली होती, रविवारी तिच्या बाळाचं बारसं ठरलं होतं, कॅमेरा घेऊन सकाळीच ये. एका कानाला फोन, समोर नाना उठून निघालेले, बाजूला पहिल्या मशीनमधला सिनेमा संपत आलेला. प्रशांतनं खांद्यानं फोन धरला, सभेची कॅसेट पुढे ओढली आणि विसरायला नको म्हणून चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं: 'पु. रवि.' पुन्हा, रविवारी.

रविवारी सकाळी बारशाला जायची घाई. कॅमेऱ्याला दोन कॅसेटा लागणार होत्या. त्यानं नेहमीसारखी फळीवरून नजर फिरवली. 'पु. रवि.' एक दिसली, 'पु. रवि.' दुसरी दिसली. दोन्ही ओढल्या, पिशवीत टाकल्या आणि जिना उतरला. तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून बसवलेली पद्धत होती ती. तिनं तिचं काम चोख केलं.

बारसं झोकात झालं. पाळणा फुलांनी मढवला होता, बायकांनी पाळणे म्हटले, बाळाच्या कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. प्रशांतनं सगळं पूर्ण वेगानं घेतलं, पाणचट काही नाही. निघताना त्याला पेढा मिळाला, कागदात गुंडाळून, घरी न्यायला. माडीवर येऊन त्यानं दोन नव्या चिठ्ठ्या फाडल्या, 'बारसं १', 'बारसं २' लिहिलं आणि जुन्या चिठ्ठ्यांवर डिंकानं चिकटवून टाकल्या.

पावणेसहाला त्यानं सभेची कॅसेट घ्यायला फळीवर हात घातला. हाताला लागली नाही. मग त्यानं एकेक कॅसेट काढून बघितली. छत्तीस मोजल्या, परत मोजल्या, वरच्या फळीवरच्या बारासुद्धा खाली काढल्या. मशिनींमध्ये बघितलं. शेवटी त्याची नजर टेबलावरच्या 'बारसं १'वर गेली. डिंक अजून ओला होता. त्यानं नखानं चिठ्ठीचा कोपरा उचलला. खाली त्याचंच अक्षर होतं: 'ग्रा. स. १५ ऑग.' आणि कोपऱ्यात, पेन्सिलीनं, 'पु. रवि.'

त्यानं ती कॅसेट मशीनमध्ये घातली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पळवत बघितली. कुठंतरी शेवटाला दोन मिनिटं उरली असतील, अशी आशा होती. शेवटाला उरले होते ते लालासाहेबांचे पाव्हणे, पान खात बसलेले.

पु म्हणजे पुसा. तीन वर्षांत त्यानं 'पु' लिहिलं असेल हजार वेळा, आणि हजार वेळा त्याचा अर्थ एकच होता. पुन्हा दाखवायचं ते कुणी मागितलं की तेव्हाच दाखवून व्हायचं; तसं चिठ्ठीवर लिहायची वेळ त्याच्यावर याआधी कधी आलीच नव्हती. पहिल्यांदा आली आणि त्यानं तेच अक्षर वापरलं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर प्रशांतनं त्याला गाढव म्हटलं असतं.

सहा वाजत आले होते. फोन वाजला. सरपंचांचा आवाज खुशीत होता. "बारसं लाव की रं. पोरी वाट बघत्यात."

पडदा काळा जाऊ द्यायचा नाही. त्याचा हात आपोआप गेला, त्यानं बारसं लावलं.

तिकडे नानांच्या पडवीत चाळीस माणसं बसली होती. शिरवळहून आलेली पोरं आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून आली होती. बायका दारापर्यंत दाटल्या होत्या. सहाला पडद्यावर पाळणा आला. पहिल्यांदा सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, हे झालं की मग लागंल. बाळाचं नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, सरपंचांच्या आत्यानं उखाणा घेतला. आठ वाजेपर्यंत ती माणसं दुसऱ्याचं बारसं बघत बसली. आठला सिनेमा सुरू झाला आणि मग एकेक जण उठून गेला. आम्रपाली शेवटी उठली.

सोमवारी संध्याकाळी नाना सांगलीहून आले ते थेट माडीवर. डोळ्यांत औषध घातलेलं, डोळे लाल. हातात कोरी कॅसेट, वरचा चकचकीत कागदही तसाच.

प्रशांत उभा राहिला. काही मखलाशी करायची नाही, हे त्यानं रात्रभर ठरवलं होतं. "नाना, कॅसेट पुसली गेली माझ्या हातनं. चुकून. मी पुन्हा म्हनून पु लिवला आन रईवारी मलाच वाटलं पुसा."

नानांनी विचारलं, "कशाच्या खाली गेली?"

"बारशाच्या."

"कुणाच्या बारशाच्या?"

प्रशांतनं टेबलावरच्या 'बारसं १'कडे बघितलं. नानांनी मान हलवली. त्यांनी आयुष्यभर एसटीची इंजिनं उघडली होती. नट कसा ढिला होतो आणि कसा ढिला केला जातो, यातला फरक त्यांना कळतो असा त्यांचा समज होता.

"चुकून," ते म्हणाले. "शंभर मान्सांम्होरं दिलेला शब्द गेला, आन गेला कुठं तर त्याच्याच नातवाच्या पाळन्याखाली. चुकून." त्यांनी कोरी कॅसेट टेबलावर ठेवली. "ही ऱ्हाऊ दे तुला. फुडच्या बारशाला लागंल."

"नाना, आईची आन—"

"आईला मधी आनू नगंस. जाईबाईनं लय कष्टानं शिकिवलं तुला."

आणि ते जिना उतरून गेले. प्रशांतला वाटलं होतं, नाना चिडतील, शिव्या देतील, मग निवळतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी लालासाहेब स्वतः माडीवर आले. वर्षातून एकदासुद्धा ते तो जिना चढत नसत. मागून दुकानातल्या माणसानं दोन खोकी आणून टेबलावर ठेवली. नव्या कोऱ्या कॅसेटा, वीस. दोन वर्षं मागत होता तो.

"गड्या," लालासाहेब म्हणाले आणि त्यांनी प्रशांतच्या पाठीवर थाप मारली, "मी तुला एका शब्दानं बोललो न्हवतो. तुझं तूच वळखलंस. आसा मानूस पायजे."

"न्हाई सरपंच. ते चुकून झालं. खरंच चुकून झालं."

लालासाहेब मोठ्यानं हसले. "व्हय, व्हय. आसंच म्हनायचं. तालुक्याचा सायेब येनार हाय, जालिंदरानं अर्ज दिलाय. त्यो इचारंल तवा ह्येच सांग. चुकून पुसली. येक शब्द जास्ती न्हाई, येक कमी न्हाई."

ते गेल्यावर प्रशांतनं ती खोकी टेबलावरून उतरवून भिंतीशी ठेवली. त्याच्याजवळ खरं असं एकच वाक्य उरलं होतं आणि तेही आता सरपंचांनी पढवलेलं झालं होतं.

वस्तीनं त्याला वाळीत वगैरे टाकलं नाही. असलं काही आपल्या माणसाला करायचं नाही, एवढं वस्तीला कळत होतं. फक्त त्याचं नाव बदललं. पाराजवळून तो गेला की कुणीतरी म्हणे, "चुकून आला वाटतं." दुकानात साखर घेतली की मागून, "चुकून दोन किलो दिऊ नगा त्याला." पुढच्या रविवारी शिरवळची पोरं परत जाताना एसटीत चढली, तेव्हा एकानं खिडकीतून हात केला, "येतो रं चुकून!" सगळी एसटी हसली. वीस नव्या कॅसेटांची बातमी वस्तीत पोचायला अर्धा दिवससुद्धा लागला नव्हता. मग तर बोलायलाच नको. किती घेतले, एवढंच लोकांना माहीत करून घ्यायचं होतं. काहीच घेतलं नाही, यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं, आणि त्याचा त्यांना दोष तरी कसा द्यावा? पुरावा नाहीसा झालेला दिसतोय, मालक खूश दिसतोय, माणूस नोकरीवर कायम दिसतोय. यातून चूक असा अर्थ काढणारा माणूस एक तर देव असतो, नाहीतर मूर्ख.

आठ दिवसांनी तालुक्याचा अधिकारी आला. ग्रामपंचायतीच्या खोलीत टेबलामागे बसला. एका बाजूला लालासाहेब, ग्रामसेवक. दुसऱ्या बाजूला नाना, वस्तीतली पाच-सहा माणसं, आणि दाराजवळ आम्रपाली. नानांनी सगळं सांगितलं. लालासाहेब म्हणाले, "बघू म्हनालो हुतो सायेब, दिली न्हवं. त्यांच्या ऐकन्यात कायतरी चूक झाली." मग प्रशांतला पुढे बोलावलं.

"सभेचं चित्रीकरण तुम्ही केलं होतं?"

"व्हय सायेब."

"ते आहे?"

"न्हाई."

"का नाही?"

"चुकून पुसलं."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्यानं मान वर केली आणि प्रशांतकडे बघितलं. प्रशांतला वाटलं, आता विचारेल. कानात नळी होती ना तुमच्या? मग तुम्ही काय ऐकलं? विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, निदान त्याला तसं वाटत होतं. तो शब्द त्याच्या कानात जसाच्या तसा होता, श्वासासकट. ग्रामसेवकाच्या पेनाचं टोपणही त्याला दिसत होतं. पण अधिकाऱ्याला पुढच्या गावाला जायचं होतं. तो म्हणाला, "ठीक आहे, बसा."

आणि प्रशांत बसला. न विचारता बोलायची हिंमत त्याला झाली नाही. बसताना त्याला लालासाहेबांनी बारीकशी हलवलेली मान दिसली, शाबासकीची, आणि ती नानांनाही दिसली. नानांनी आपली टोपी नीट केली, 'जय भीम' म्हणाले आणि बाहेर पडले. अर्जाचा निकाल काय लागणार, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी तो कामावर न जाता घरी आला. आम्रपाली पोरांच्या पाट्या पुसून ठेवत होती. गेले आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. भांडली नव्हती, माहेरी गेली नव्हती. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "तुला तरी खरं वाटतं का न्हाई? का तूबी नानांवानी—"

"मला खरं वाटतं," ती म्हणाली. "चूकच झाली तुमची. तुमी पैसं घेनारं न्हाई. मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय."

आठ दिवस तो या एका वाक्यासाठी तडफडत होता. गावात एकाच माणसानं ते म्हणावं, बाकीच्यांचं बाकीच्यांपाशी. त्याला वाटलं, उठून तिचा हात धरावा. पण ती पाटी पुसत तशीच बसली होती.

"एक इचारू?" ती म्हणाली.

"इचार की."

"शुक्रवारी फोन आला, बारशाला या म्हनून. नाना बी तवाच बोललं, रईवारी कॅसेट लाव म्हनून. दोनी एकाच टायमाला. व्हय ना?"

"व्हय."

"मग बारसं कुठं लिवून ठिवलं हुतं तुमी?"

प्रशांतला प्रश्नाचा रोखच कळला नाही. "बारसं? ते कशाला लिवायचं? ते ध्यानात ऱ्हातंच की."

"आन त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या कॅसेटी? त्यांच्यावर ठे लिवलंय?"

"न्हाई."

"सत्काराच्या?"

"न्हाई. आगं, त्या पुसायच्या न्हाईत ह्ये म्हाईतच असतंय ना. त्याला काय लिवायचं?" बोलता बोलता तो थांबला. वरच्या फळीवरच्या बाराच्या बारा कॅसेटा त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. एकीवरही पेन्सिलीची खूण नव्हती. तीन वर्षांत त्याला ती करावीशी वाटली नव्हती, आणि तीन वर्षांत त्यातली एकही चुकून त्याच्या हातात आली नव्हती.

आम्रपालीनं पाटी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही.

"त्यांचं ध्यानात ऱ्हातं," ती म्हणाली. "आमचं तेवढं लिवावं लागतं."

बाहेर पोरं जमायला लागली होती. ती पाट्या उचलून नानांच्या पडवीकडे गेली. प्रशांत भिंतीला टेकून तसाच राहिला आणि तिचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघू लागला. कुठंतरी आपल्या ऐकण्यात चूक झाली असेल, असं त्याला वाटत होतं. पण चूक नव्हती. ती आपलं म्हणाली नव्हती. आमचं म्हणाली होती.